विल्म्स अर्बुद

लहान मुलांच्या वृक्कात (मूत्रपिंडात) होणारे मारक अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे बनलेली, आसपासच्या ऊतकांत घुसणारी व दूरवर पसरू शकणारी गाठ). माक्स विल्म्स (१८६७–१९१८) या जर्मन शस्त्रक्रिया तज्ञांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. वृक्कभ्रूणार्बुद (नेफ्रोब्लास्टोमा) असेही त्याला म्हणतात. पंधरा वर्षांखालील मुलांच्या वृक्कांत आढळणाऱ्या मारक अर्बुदांपैकी सुमारे ९० टक्के याच प्रकारची असतात. त्यामुळे बालवयातील वृक्क-कर्करोगाचा इतिहास हा मुख्यतः या एका अर्बुदाचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग झालेले मूल क्वचितच वाचत असे. आता सुसज्ज रुग्णालयात वेळेवर उपचार मिळालेल्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हा पालट कोणा एका रामबाण औषधाने घडविलेला नाही. शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा (क्ष-किरणांसारख्या भेदक किरणांनी करावयाचा उपचार) व औषधे यांची योग्य सांगड आणि एका विरळ रोगाचे अनेक ठिकाणचे रुग्ण एकत्र मोजून केलेल्या तुलनात्मक चाचण्या यांतून तो क्रमाक्रमाने घडून आला.

स्वरूप व लक्षणे : भ्रूणावस्थेत ज्या आद्य ऊतकापासून वृक्क बनतो, त्याचे काही अंश पक्व न होता जन्मानंतरही शिल्लक राहतात व त्यांतून हे अर्बुद उद्‌भवते. त्यात साधारणपणे तीन प्रकारचे घटक दिसतात : अपक्व भ्रूणीय कोशिका, वृक्क नलिकांसारखी दिसणारी रचना आणि त्यांना जोडणारे संयोजी ऊतक. काही वेळा स्नायू व उपास्थी (कूर्चा) यांचे तंतू वा तुकडेही त्यात सापडतात. बहुधा मूल खेळतेबागडते असते आणि त्याला अंघोळ घालताना वा कपडे चढविताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूस न दुखणारी गाठ लागते. काही मुलांत लघवीतून रक्त जाणे, पोटदुखी, ताप वा रक्तदाब वाढणे ही लक्षणे आढळतात. अर्बुदाचे आवरण नाजूक असल्यामुळे पोट वारंवार वा जोराने दाबून तपासणे धोक्याचे असते. ते फुटल्यास कोशिका पोटाच्या पोकळीत विखुरतात. दूरवरचा प्रसार प्रामुख्याने फुप्फुसांत व त्याखालोखाल यकृतात होतो. सुमारे ५ ते ७ टक्के मुलांत दोन्ही वृक्क रोगग्रस्त असतात.

आढळ : यूरोप व उत्तर अमेरिका येथे पंधरा वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे ७ ते ८ मुलांना हा रोग होतो. दुसऱ्या शब्दांत, जन्मणाऱ्या सुमारे दहा हजार मुलांपैकी एकाला तो बालपणी होतो. मुलांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा ५ ते ७ टक्के आहे. बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांखालील असतात. एकाच वृक्कात रोग असल्यास निदानाच्या वेळचे वय सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास, तर दोन्ही वृक्कांत असल्यास त्याहून सुमारे एका वर्षाने कमी असते. दहा वर्षांनंतर हे अर्बुद विरळ होत जाते आणि पंधरा ते एकोणीस या वयोगटात प्रौढांना होणारा वृक्क-कोशिका कर्करोगच अधिक आढळतो.

१९७० च्या दशकाच्या आरंभी असे मत मांडले गेले होते की, या अर्बुदाचे प्रमाण जगात सर्वत्र सारखेच असावे आणि म्हणून मुलांच्या इतर कर्करोगांची मोजदाद करताना ते मापदंड म्हणून वापरता येईल. लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवह्यांतील आकडे जमू लागल्यावर हे मत टिकले नाही. आफ्रिकेतील कृष्णवर्णीय व अमेरिकेतील आफ्रिकी वंशाची मुले यांत प्रमाण यूरोपीय मुलांपेक्षा जास्त, तर पूर्व आशियाई मुलांत ते निम्म्याच्या आसपास आढळले. स्थलांतरितांच्या संततीतही हा फरक बराचसा टिकून राहतो. यावरून आहार, हवामान वा परिसर यांपेक्षा वंशपरंपरागत घटकांचा प्रभाव येथे अधिक असावा, असे मानले जाते. गेल्या काही दशकांत रोग होण्याच्या प्रमाणात फारसा बदल झालेला नाही. बदलले आहे ते रोगातून वाचण्याचे प्रमाण, आणि तेही सर्व देशांत सारखे बदललेले नाही.

पूर्वेतिहास : स्कॉटिश शस्त्रक्रिया तज्ञ व शारीरविद जॉन हंटर (१७२८–९३) यांच्या संग्रहात एका लहान मुलाच्या दोन्ही वृक्कांतील अर्बुदाचा नमुना आहे, तो या रोगाचा ज्ञात असलेला अतिशय जुना नमुना समजला जातो. १८१४ मध्ये टॉमस रॅन्स यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ऊतकांचा अभ्यास सुरू झाल्यावर अनेक जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी या गाठींचे परीक्षण केले. एकाच गाठीत स्नायू, उपास्थी व ग्रंथी यांसारखी परस्परांहून भिन्न ऊतके पाहून त्यांनी प्रत्येकाने तिला वेगळे नाव दिले व तिची उत्पत्तीही वेगवेगळी सांगितली.

विल्म्स यांनी १८९९ मध्ये लाइपसिक येथे वृक्काच्या मिश्र अर्बुदांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. या अर्बुदाचे वर्णन प्रथम त्यांनीच केले असे नाही. त्यांनी तोवर नोंदलेले रुग्ण एकत्र आणले, त्यांत स्वतः तपासलेल्या रुग्णांची भर घातली आणि अर्बुदातील सर्व भिन्न ऊतके एकाच प्रकारच्या अपक्व भ्रूणीय कोशिकांपासून निर्माण होतात, असे प्रतिपादन केले. त्यामुळे अनेक नावांनी विखुरलेला रोग एकच आहे हे स्पष्ट झाले. पुढे बाझेल व हायडल्‌बर्ग येथे ते शस्त्रक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, घटसर्पाच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करताना संसर्ग होऊन त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रियेचा कालखंड : संपूर्ण वृक्क काढून टाकण्याची पहिली पूर्वनियोजित व यशस्वी शस्त्रक्रिया गुस्टाफ झिमोन यांनी १८६९ मध्ये हायडल्‌बर्ग येथे एका प्रौढ स्त्रीवर केली. एक वृक्क काढला तरी उरलेल्या वृक्कावर माणूस जगू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. १८७७ मध्ये इंग्लंडमधील लीड्‌स येथे टॉमस जेसप यांनी दोन वर्षांच्या मुलाचा अर्बुदग्रस्त वृक्क काढला. मूल शस्त्रक्रियेतून वाचले. परंतु रोग उलटून काही महिन्यांतच ते दगावले. पुढील पन्नास वर्षांचा अनुभव बव्हंशी असाच होता. अनेक मुले रक्तस्रावाने वा आघाताने शस्त्रक्रियेच्या वेळीच मरत आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांत फुप्फुसांतील प्रसार पुढे प्रकट होई.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) बॉस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात विल्यम लॅड (१८८०–१९६७) यांनी शस्त्रक्रियेची पद्धत बदलली. पाठीकडून छेद घेण्याऐवजी त्यांनी पोट समोरून उघडले, अर्बुद हलविण्यापूर्वी वृक्काच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि गाठ न फोडता सावकाश बाहेर काढली. भूल देण्याचे तंत्र, रक्त देण्याची सोय व शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा यांत याच काळात सुधारणा झाल्या. १९४० च्या सुमारास त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले दीर्घकाळ जगू लागली. शस्त्रक्रियेतील मृत्यू कमी झाले, तरी शस्त्रक्रियेपूर्वीच शरीरात दूरवर पोहोचलेल्या कोशिकांवर शस्त्राचा उपाय चालत नाही, हेही त्यातूनच उघड झाले.

प्रारण चिकित्सा : १९१६ मध्ये आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी वृक्काच्या अर्बुदावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचाराची नोंद प्रसिद्ध केली. किरणांनी गाठ झपाट्याने लहान होते. परंतु केवळ त्यांवर विसंबल्यास ती पुन्हा वाढते, असा अनुभव आला. बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस व एडवर्ड नॉयहाउझर यांनी वृक्क काढल्यानंतर त्या जागी प्रारण देण्याची पद्धत अवलंबिली. १९५० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार या दुहेरी उपचाराने जवळजवळ निम्मी मुले वाचली. या यशाची किंमत काही वर्षांनी दिसू लागली. वाढत्या वयात कण्याच्या एकाच बाजूवर किरण पडल्याने त्या बाजूच्या मणक्यांची वाढ खुंटे व मुलाची पाठ वाकडी होई.

औषधांचा उपयोग : मातीतील स्ट्रेप्टोमायसीज वंशाच्या सूक्ष्मजीवांपासून सेल्मन वॅक्समन व बॉइड वुड्रफ यांनी १९४० मध्ये ॲक्टिनोमायसीन हा प्रतिजैव पदार्थ वेगळा केला. जंतुनाशक औषध म्हणून तो फार विषारी ठरला. याच गटातील ॲक्टिनोमायसीन-डी या पदार्थाचा उपयोग बॉस्टन येथील बालविकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी १९५० च्या दशकात विल्म्स अर्बुदावर करून पाहिला. १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगात औषधाने तात्पुरता उतार पडतो हे दाखविल्यामुळे त्यांचे नाव पूर्वीच प्रसिद्ध झाले होते. फुप्फुसांत पसरलेल्या विल्म्स अर्बुदाच्या गाठी या औषधाने विरघळल्याचे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाची होती ती त्यांची पुढची पायरी : प्रसार दिसण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रिया व प्रारण यांबरोबरच सर्व मुलांना औषध देणे. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्या मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते.

दुसरे औषध वनस्पतिजन्य होते. महाराष्ट्रात घरोघरी अंगणात दिसणारी सदाफुली ही मूळची मादागास्करची वनस्पती असून तिच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन हे अल्कलॉइड मिळाले. १९६३ मध्ये अ. सं. सं. मधील टेक्सस येथून वॅटरू सुटो व त्यांचे सहकारी यांनी प्रसार झालेल्या विल्म्स अर्बुदावर त्याचा गुण येत असल्याचे प्रसिद्ध केले. रक्त निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेवर त्याचा दुष्परिणाम कमी असल्याने ते ॲक्टिनोमायसीनबरोबर देता येते. इटलीत शोधले गेलेले डॉक्सोरुबिसीन हे तिसरे औषध १९७० च्या दशकात वापरात आले.

सहकारी चाचण्या : औषधे हाती आली, तरी कोणते औषध, किती काळ व कोणाला द्यावयाचे हे ठरविणे सोपे नव्हते. मोठ्या रुग्णालयातही या रोगाची मुले वर्षाला थोडीच येत, आणि इतक्या अल्प संख्येवरून दोन उपचारपद्धतींची विश्वसनीय तुलना करता येत नाही. यासाठी अ. सं. सं. मध्ये १९६९ साली राष्ट्रीय विल्म्स अर्बुद अभ्यासगट स्थापन झाला. प्रारण चिकित्सक जूल्यो डान्जो हे त्याचे प्रमुख, ब्रूस बेकविथ हे विकृतिवैज्ञानिक व नॉर्मन ब्रेस्लो हे सांख्यिकीविज्ञ होते. अनेक रुग्णालयांतील मुलांची एकत्र नोंद करून, त्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडलेल्या दोन उपचारगटांत विभागण्यात आले आणि सर्वांची एकाच निकषांनी तपासणी झाली.

पहिल्या चाचणीत (१९६९–७३) दोन औषधे एकत्र दिल्यास ती स्वतंत्रपणे देण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतात, असे दिसले. त्याचबरोबर पहिल्या अवस्थेतील दोन वर्षांखालील मुलांना प्रारण देण्याची गरज नसल्याचेही सिद्ध झाले. दुसऱ्या चाचणीत (१९७४–७८) पहिल्या अवस्थेतील कोणत्याही वयाच्या मुलांना प्रारणाची गरज नाही व त्यांना सहा महिने औषध पुरते, असे आढळले. तिसऱ्या चाचणीत (१९७९–८५) पहिल्या अवस्थेसाठी उपचाराचा काळ दहा आठवड्यांवर आला, दुसऱ्या अवस्थेतून प्रारण वगळता आले आणि तिसऱ्या अवस्थेत प्रारणाची मात्रा २० ग्रेवरून १० ग्रेपर्यंत (ग्रे हे शोषित प्रारणाचे एकक आहे) उतरविता आली. अनुकूल ऊतकरचना असलेल्या पहिल्या अवस्थेतील चार वर्षे जगलेल्या मुलांचे प्रमाण या चाचणीत ९५ टक्क्यांहून अधिक, तर दूरवर प्रसार झालेल्यांत सुमारे ८० टक्के होते. पुढे दोन वर्षांखालील मुलांतील, ५५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या पहिल्या अवस्थेतील काही अर्बुदांना केवळ शस्त्रक्रियाही पुरेशी असते, असे दिसून आले. जगण्याचे प्रमाण चढत असताना उपचार मात्र कमी होत गेले, हे या चाचण्यांचे खास वैशिष्ट्य होय.

यूरोपात आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संस्थेने १९७१ मध्ये वेगळ्या दिशेने चाचण्या आरंभिल्या. प्रथम उपचाराने गाठ लहान करून मग ती काढल्यास शस्त्रक्रियेत ती फुटण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते, असे झां लमेर्ल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या चाचणीत दिसले. हा आरंभीचा उपचार प्रथम प्रारणाचा होता. नंतरच्या चाचण्यांत औषधांनीही तोच परिणाम साधतो असे आढळल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे चार आठवडे औषधे देण्याची प्रथा पडली. २००१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीने मध्यम धोक्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थांतून डॉक्सोरुबिसीन वगळणे सुरक्षित असल्याचे दाखविले. अमेरिकी पद्धतीत अर्बुदाची मूळची अवस्था अचूक कळते, तर यूरोपीय पद्धतीत शस्त्रक्रिया सोपी होते व औषधाला मिळालेला प्रतिसाद पाहता येतो. दोन्हींचे अंतिम फल मात्र जवळजवळ सारखेच आहे.

ऊतकरचना व आनुवंशिकी : चाचण्यांतील हजारो काचपट्ट्या एकाच प्रयोगशाळेत पाहिल्या गेल्याने रोगाचे वर्गीकरणही सुधारले. १९७८ मध्ये बेकविथ व नॅन्सी पामर यांनी दाखविले की, पहिल्या चाचणीतील सुमारे १२ टक्के अर्बुदांची रचना प्रतिकूल होती आणि अर्बुदामुळे झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक या लहान गटातील होते. त्यांतील स्वच्छ-कोशिका सार्कोमा व ऱ्हॅब्डॉइड अर्बुद हे पुढे स्वतंत्र रोग मानले गेले. स्वच्छ-कोशिका सार्कोमाचे भवितव्य डॉक्सोरुबिसीनमुळे बरेच सुधारले. ऱ्हॅब्डॉइड अर्बुद मात्र अद्याप बहुधा प्राणघातक ठरते.

१९६४ मध्ये रॉबर्ट मिलर, जोसेफ फ्रॉमेनी व मिरियम मॅनिंग यांनी रुग्णांच्या नोंदी तपासताना डोळ्यातील परितारिकेचा (बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याचा) जन्मजात अभाव, शरीराची एक बाजू मोठी असणे व जननमूत्र तंत्रातील दोष हे या मुलांत अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळतात, असे दाखविले. १९७२ मध्ये आल्फ्रेड नड्‌सन व लुईझ स्ट्राँग यांनी अर्बुदाच्या उत्पत्तीला जीनांवरील दोन आघात कारण होतात हे गृहीतक या रोगाला लावले. परितारिका नसलेल्या मुलांत अकराव्या गुणसूत्राचा एक अंश गळालेला आढळला आणि त्याचा माग घेत १९९० मध्ये डब्ल्यूटी-१ हा जीन ओळखला गेला. त्यातील दोष सर्व रुग्णांत नसून अल्पसंख्य रुग्णांतच असतो. इतर अनेक जीनही या रोगाशी निगडित आहेत. एकाच कुटुंबात अनेकांना हा रोग होणे विरळ असून अशा रुग्णांचे प्रमाण १ ते २ टक्के आहे. २००५ मध्ये पहिल्या व सोळाव्या गुणसूत्रांचे ठराविक भाग अर्बुदातून नाहीसे झाले असल्यास रोग उलटण्याचा धोका अधिक असतो, असे सिद्ध झाले. तेव्हापासून काही देशांत या तपासणीवरून उपचारांची तीव्रता ठरवितात.

दूरगामी परिणाम : रोगमुक्त झालेले मूल पुढे सहा-सात दशके जगावयाचे असते. म्हणून केवळ रोगमुक्ती हे उद्दिष्ट अपुरे आहे, अशी भूमिका डान्जो यांनी १९७५ मध्येच मांडली होती. डॉक्सोरुबिसीनमुळे हृदयाचे स्नायू दुर्बल होणे, प्रारणामुळे कण्याची वाढ खुंटणे, मुलींना पुढे गर्भारपणात अडचणी येणे व काही वर्षांनी दुसरा कर्करोग उद्‌भवणे हे धोके दीर्घ पाहणीतून कळले. दोन्ही वृक्कांत रोग असलेल्या व डब्ल्यूटी-१ जीनात दोष असलेल्या मुलांत वृक्क निकामी होण्याचा संभव अधिक असतो. अशा मुलांत वृक्काचा निरोगी भाग राखून केवळ अर्बुद काढण्याचा प्रयत्न करतात.

भारत व इतर विकसनशील देश : मुंबई येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये तेथेच देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही उघडली. राष्ट्रीय नोंदवही कार्यक्रम १९८१ मध्ये व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण नोंदवही १९८७ मध्ये सुरू झाली. भारतीय नोंदवह्यांत विल्म्स अर्बुदाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते. त्यात वांशिक फरकाचा भाग असला, तरी निदान न होताच दगावलेली मुले कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारतात पुष्कळ मुले गाठ फार मोठी झाल्यावर तज्ञांकडे पोहोचतात. म्हणून अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देण्याची पद्धत सोयीची ठरली आहे. या रोगावरील मूळ औषधे जुनी व तुलनेने स्वस्त आहेत. मृत्यूंची कारणे बव्हंशी अन्यत्र आहेत : उशिरा निदान, कुपोषण, उपचारकाळातील जंतुसंसर्ग आणि उपचार अर्धवट सोडणे. गावाकडून आलेल्या कुटुंबाला औषधाइतकाच प्रवास, शहरातील निवारा व बुडालेली मजुरी यांचा भार पडतो. गाठ काढून मूल बरे दिसू लागले की, पुढील औषधे न घेताच घरी परतण्याकडे कल होतो आणि रोग उलटतो. यासाठी औषधोपचाराबरोबर निवास, अन्न व प्रवासखर्च यांची तरतूद करणे हा चिकित्सेचाच भाग मानला जाऊ लागला आहे. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था बाहेरगावच्या कर्करोगग्रस्त मुलांना व त्यांच्या पालकांना विनामूल्य निवारा देत आली आहे.

अशा तरतुदीचा परिणाम आफ्रिकेत मोजला गेला आहे. मालावीसह सहाराच्या दक्षिणेकडील काही देशांतील रुग्णालयांनी २०१४ मध्ये एक समान उपचारक्रम स्वीकारला आणि कुटुंबांना प्रवास व अन्य खर्चासाठी साहाय्य दिले. त्यानंतर उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. उपचाराअखेर रोगमुक्त असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. या काळात कोणतेही नवे औषध वापरात आले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या बालकर्करोग उपक्रमात २०३० पर्यंत जगातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचविण्याचे उद्दिष्ट ठेवले असून प्रगतीचे माप म्हणून निवडलेल्या सहा रोगांत विल्म्स अर्बुदाचा समावेश आहे. १९७० च्या दशकात ज्या रोगाचे आढळप्रमाण मापदंड म्हणून सुचविले गेले होते, त्याच रोगातून वाचलेल्या मुलांची संख्या आता देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थेचा मापदंड झाली आहे.